टाकीतला टकटक्या

टाकीतून पहिल्यांदा आवाज आला तेव्हा माझे वडील समोर बसून चहा पीत होते. टक्. कोणी बोटं मोडावीत तसा, पण चांगला जोराचा. आबांनी कप खाली ठेवला, टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गेली तुही काच," ते म्हणाले. आवाजात वाईट वाटल्याचा लवलेश नव्हता. खरं सांगायचं तर थोडा आनंदच होता.

मी उठून काचेच्या सगळ्या कडा बोटांनी चाचपल्या. कोरड्या होत्या. खालची फरशीही कोरडी. दोन नारिंगी मासे आपल्या कोपऱ्यात डुलत होते, पंप चालू होता. तेवढ्यात पुन्हा टक्, आणि या वेळी मला कळलं की आवाज काचेतून नाही, मोठ्या दगडातून येतोय. आत कोणीतरी होतं. ते मी आणलं नव्हतं, निदान जाणूनबुजून तरी नाही.

नांदुऱ्यासारख्या गावात खाऱ्या पाण्याची टाकी कशाला, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर तोंडपाठ आहे. मला हवी होती म्हणून. लोकांना हे पुरत नाही. त्यांना वाटतं बाईमाणसाच्या हौशीमागे काहीतरी दुःख असलंच पाहिजे. माझं लग्न झालं होतं, मी सासरहून परत आले, त्याला बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी आणि आबा या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. एवढं ऐकलं की लोक समजूतदार चेहरा करतात आणि माशांकडे बघून मान हलवतात. मला तो चेहरा सहन होत नाही. माझे मासे हे माझे मासे आहेत, आणखी कशाचीही भरपाई नाहीत.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर काचपट्टीवर डोळा लावून जे साध्या डोळ्यांना दिसत नाही ते ओळखायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे घरी येऊन पुन्हा तेच करावंसं वाटलं, तर त्यात नवल काय आहे?

आबांना मात्र नवल नाही, संताप होता. आमचं मूळ गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा केला तर पहिल्याच घोटाला कळतं की पाणी कुठलं आहे. आबांचं तरुणपण दूरच्या गावाहून बैलगाडीने गोड पाणी आणण्यात गेलं. त्यांच्या थोरल्या भावाचं मूत्रपिंड त्या विहिरीनेच खाल्लं असं ते मानतात. त्या गावांचे किडनीचे रिपोर्ट मी रोज पाहते, त्यामुळे मी त्यांच्याशी वाद घालत नाही. अशा माणसाच्या घरात त्याच्या मुलीने पिशवीतून मीठ आणून चांगल्या गोड पाण्यात मिसळायचं, म्हणजे काय ते समजून घ्या.

"साऱ्या जिंदगीभर खाऱ्यापासून दूर पयालो," पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "अन् तू इकत आनून घरात मांडलं."

मी टाकी मांडली.

आवाज ज्यातून येत होता तो दगड सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा आहे, माणसाने केलेला. समुद्रातून प्रवाळ उचलून आणायला आपल्याकडे बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण असा केलेला दगड एखाद्याच्या जुन्या टाकीत वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याच्या भोकाभोकांत वस्ती होते. मुंबईकडच्या एका हौशी गृहस्थाकडून मी तो आणला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात. गाडीत समोर शेगावला दर्शनाला निघालेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी खोक्यात काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, दगड. त्या म्हणाल्या, "आपल्या इकडे दगड सरले का वं?" नांदुऱ्याला उतरेपर्यंत त्या माझ्या खोक्यापासून पाय आखडून बसल्या होत्या.

त्या दगडातले बिनबोलावता आलेले पाहुणे ओळखायला मी पहिल्याच आठवड्यापासून सुरुवात केली. हे जीव उजेडात बाहेर येत नाहीत, आणि मला पहाटे उठून उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त काढायचं असतं, त्यामुळे रात्री जागणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मी टाकीची रात्रच दुपारी आणली. दिवा संध्याकाळी लावायचा आणि पहाटे बंद करायचा. दिवसा टाकीला तिन्ही बाजूंनी जुने जाड पडदे लावायचे. दुपारी जेवायला घरी आले की बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद बांधून पडद्याआड डोकं घालायचं. या जीवांपैकी बहुतेकांना लाल उजेड कळत नाही, म्हणून ते बिनधास्त फिरतात. आबा बाहेरून म्हणायचे, "जेवाले बसतं का, का तिथंच ताट देऊ?"

काय काय नव्हतं त्या दगडात. गुलाबी केसांची एक लांबलचक अळी होती, जिला हात लावला तर केस कातडीत रुततात. बारीक लवलवत्या हातांचा तारामासा होता, तो स्वतः कधी दिसला नाही, भोकातून फक्त हात बाहेर. पिसांचा पंखा उघडून बसणारे आणि चाहूल लागताच मिटून घेणारे किडे होते. मी मोबाइलवर फोटो काढायचे, खाऱ्या टाक्या ठेवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकायचे आणि लोक नावं सांगायचे. प्रत्येकाचं नाव कळलं की मला फार बरं वाटायचं. आपल्या घरात कोण राहतं हे माणसाला ठाऊक असावं.

आवाज करणारा मात्र सापडेना. फोटो निघणार कुठून? मी आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवला, सोबत चार वाक्यं बोलले, आमच्याकडे बोलतो तशी. उत्तरं आली ती आधी आवाजावर नाही, माझ्या बोलीवरच. नाकाने कांदे सोलणारे एक पुणेकर होते, त्यांनी हसण्याची तीन चिन्हं टाकून विचारलं की ताई, समुद्र नेमका कोणत्या तालुक्यात आहे. मी तेव्हापासून त्या ग्रुपवर फक्त वऱ्हाडीत बोलते. समजलं तर समजलं.

कामाचं जे कळलं ते असं. दगडात राहून असा आवाज करणारे मुख्यतः दोघं. एक मॅन्टिस, म्हणजे पुढचे हात दुमडून बसणारा आणि ठोसा मारून शिंपले फोडणारा. तो गोगलगाई खातो, मासे खातो, आणि मोठा झाला तर त्याने काच फोडल्याच्या गोष्टी लोक सांगतात. दुसरा पिस्टल झिंगा. त्याचा एक चिमटा मोठा असतो आणि तो मिटताना नुसता आवाज होतो. तो बीळ उकरतो, उरलंसुरलं खातो, आणि काचेला त्याच्याकडून काही धोका नाही. आवाजावरून दोघांत फरक सांगता येत नाही असं सगळ्यांचं मत पडलं. आणि त्यानंतर लगेच सगळ्यांनी एकमुखाने सल्ला दिला की दगड उकळत्या पाण्यात टाका, विषय संपवा.

मी लिहिलं की न पाहता मी रिपोर्ट देत नाही.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण काकू राहतात. काका गेल्यापासून एकट्याच. टाकीच्या बरोबर खाली त्यांची झोपायची खोली. आवाज त्यांच्यापर्यंत स्लॅबमधून जायचा, आणि वरून ऐकण्यापेक्षा खालून तो जास्त भीतीदायक वाटत असणार, हे मी आजही मान्य करते. एक दिवस त्या वर आल्या, टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचं नशीब की माझं, तो टक् करून वाजला.

"हे काच तडकून राह्यली पोरी," त्या म्हणाल्या. "एवढं पानी माह्या डोक्स्यावर येईन."

मी सांगितलं की काच नाही, आत एक जीव आहे.

"कोनता?"

"पाहिला नाही अजून."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःलाच माझं उत्तर पोकळ वाटलं. त्यांच्या भाच्याने मग त्यांना मोबाइलवर मॅन्टिसचा काच फोडतानाचा एक व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा वर आल्या, आता ठरवून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची लेक माहेरपणाला येणार होती, लहान मुलांना घेऊन, आणि सगळी झोपणार होती त्याच खोलीत. तोवर आत कोण आहे ते दाखव, नाहीतर टाकी रिकामी कर. काच फोडणारा नसला तर माझं काही म्हणणं नाही, असंही त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. अट मला न्याय्य वाटली. टाकी रिकामी करणं म्हणजे आतलं सगळं मरणं, कारण नांदुऱ्यात माझे मासे ठेवायला दुसरी जागा नव्हती. पण मला खात्री होती की मी त्याला शोधणार.

उन्हाळा चढत होता. पाणी थंड राहावं म्हणून टाकीवर पंखा लावला होता आणि त्यामुळे पाणी भराभर उडून जायचं. रोज भर घालावी लागे. एका संध्याकाळी आबा आपण होऊन म्हणाले, "पान्याचं माह्याकडे दे. तू पाह्यत बस तुहं भूत." त्यांनी टाकीला हात लावायची ही पहिलीच वेळ. मला इतका आनंद झाला की मी काचेवर पट्टी चिकटवून दाखवली, इथवर भरायचं, आणि बाकी काही सांगायचं मला सुचलंच नाही. कोपऱ्यात एक निळा ड्रम असतो, त्यात मीठ कालवून तयार केलेलं पाणी. शेजारी गोड्या पाण्याचे जार. मला वाटलं, उघडच आहे.

मी माझ्या शिकारीला लागले. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड उलटं बसवून सापळा केला, त्यात बाजारातली सुकट घातली. सापळ्यात गुलाबी अळी दोनदा आली, तो आला नाही. लाल उजेडात एका दुपारी दगडाच्या खालच्या भोकातून दोन लांब मिशा दिसल्या, हलल्या आणि आत गेल्या. मिशा दोघांनाही असतात. मी तशीच पडद्याआड उकिडवी बसून राहिले, पाठ भरून आली, घाम डोळ्यात गेला, आणि जेवणाची वेळ टळली म्हणून आबा चिडले ते वेगळंच.

मग काचेवरचं शेवाळ खायला ठेवलेल्या गोगलगाई मरायला लागल्या. आधी एक तळाशी उलटी पडलेली दिसली, शंख रिकामा. दोन दिवसांनी आणखी एक. मी ग्रुपवर सांगितलं आणि तिथे जणू निकालच लागला. मॅन्टिस. आता तरी पाणी उकळा. पुणेकरांनी लिहिलं की भावनेच्या आहारी जाऊ नये. आबांनी ते वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "थे बरोबर म्हनून राह्यले. एकाच्यापायी साऱ्याईले काऊन मारतं?" काकूंनाही आबांकडूनच कळलं. जिन्यात भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "पाह्य, मी म्हनत होती."

त्या दिवशी मी लॅबमध्ये दिवसभर धुमसत होते. राग त्यांच्यावर होता, पण त्याहून जास्त माझ्यावर, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. न पाहिलेल्यावर सगळ्यांनी मिळून बोट दाखवलं की आपलंही बोट हळूहळू तिकडेच वळतं. तेवढ्यात एक रिपोर्ट आला, आकडे इतके विचित्र की माणूस जिवंतच असू नये. आम्ही लगेच पेशंटवर शंका घेत नाही. आधी नमुना तपासतो, नळी तपासतो, यंत्र तपासतो. नमुनाच नासका निघाला. आणि मला आठवलं की भुताच्या नादात मी कित्येक दिवसांत टाकीचं पाणी मोजलेलंच नाही.

खारटपणा मोजायचं जे यंत्र असतं ते आम्ही लॅबमध्ये लघवीसाठी वापरतो त्याच्याच जातीचं. घरी येऊन त्याच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि डोळा लावला. खूण असायला हवी त्याच्या कितीतरी वर गेली होती. दुसरा थेंब टाकला. तेच. एवढ्या मिठात मासे कसेबसे तग धरतात, गोगलगाई धरत नाहीत.

मी निळ्या ड्रमचं झाकण उघडलं. ड्रम तळाला गेला होता. गोड्या पाण्याचे जार भरलेले, जसेच्या तसे.

"आबा, टाकीत पाणी कोणतं घालत होते?"

"खारं," ते म्हणाले. "मंग?"

मी त्यांना सांगितलं की टाकीतून उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची असते. खारं घालत गेलं की मीठ वाढत जातं. आबा ऐकत होते. मीठ मागे राहतं हे त्यांना मी सांगावं असं नव्हतंच, त्यांच्या वावरात पाणी आटलं की पांढरा थर वर येतो, तो त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलाय. त्यांना ते टाकीबाबत सुचलं नाही, कारण त्यांच्या हाताने तिकडे जाऊच दिलं नाही.

"गोडं पानी खाऱ्यात ओतू?" ते म्हणाले. "हात कसा उठन माहा?"

मी चिडणार होते. तोंडाशी शब्द आले होते. पण त्यांनी जार उचलून दाखवला, बघ, एक थेंब वाया घालवला नाही, अशा आविर्भावात, आणि मला हसू फुटलं. आमच्या गावचा कोणताही माणूस हेच करेल. गोडं पाणी प्यायचं असतं. ते मिठात ओतणं म्हणजे भाकरी मातीत टाकणं. माझ्या गोगलगाई दगडातल्या कोणी मारल्या नव्हत्या, आमच्या खारपाणपट्ट्याने मारल्या होत्या. आणि दोष मात्र आम्ही सगळे त्याच्यावर टाकून मोकळे झालो होतो.

मी ग्रुपवर लिहिलं की गोगलगाईंचा खून उलगडलाय, आरोपी निर्दोष. पुढचे काही दिवस मी थोडं थोडं खारं पाणी काढून गोडं घालत गेले, कारण एकदम बदल केला तर उरलेलेही मरतात. आबा दर वेळी दुसरीकडे तोंड करून उभे राहायचे.

आखाजी जवळ आली होती. काच फोडणारा की नुसता आवाज करणारा, हे अजून ठरलेलं नव्हतं. पण त्या जास्तीच्या मिठाने मला एक गोष्ट दिली. खारटपणा वाढला होता त्या दिवसांत दगडातली कितीतरी मंडळी टाकीचा दिवा चालू असतानाही बाहेर आलेली मी पाहिली होती, आणि तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. मीठ वाढलं की यांना आत राहवत नाही. मग जे नकळत आठवडाभर झालं, ते जाणूनबुजून थोडाच वेळ करायचं. वेगळ्या बादलीत भरपूर खारट पाणी करायचं, त्यात फक्त तो दगड बुडवायचा आणि जो बाहेर पडेल त्याला लगेच टाकीच्या पाण्यात घ्यायचं.

रविवारी सकाळी मी काकूंना वर बोलावलं. म्हटलं, तुमच्यासमोर काढते, नंतर कोणी म्हणायला नको. त्या खुर्ची ओढून बसल्या, पदर खोचून, दारापासून जवळ. आबांनी बादली धरली. मी दगड उचलून आत बुडवला आणि आम्ही तिघंही पाण्याकडे बघत राहिलो.

आधी उड्या मारणारे बारीक जीव बाहेर आले. मग गुलाबी अळी, जिला पाहून काकूंनी पाय वर घेतले. मग काहीच नाही. तो आत आणखी खोल गेला असता तर मिठाने तिथेच मेला असता आणि त्याला मारणारी मीच ठरले असते. मी दगड थोडा तिरपा केला आणि खालच्या भोकातून तो घरंगळत बादलीच्या तळाशी पडला.

करंगळीच्या दोन पेरांएवढा. मातकट हिरवा. मी जाळीने उचलून काचेच्या वाटीत टाकीचं पाणी घेऊन त्यात सोडला आणि भिंग लावलं. डोळे बारीक, कवचाखाली दडलेले. मॅन्टिसचे डोळे देठावर बाहेर आलेले असतात. पुढचे हात दुमडलेले नव्हते. एक चिमटा साधा आणि दुसरा त्याच्या अंगाच्या मानाने भलताच मोठा. त्याने तो उघडला आणि मिटला. टक्. वाटीतल्या पाण्यात बारीकशी लाट उठली. वाटी शाबूत राहिली.

"पिस्टल," मी म्हटलं. इतक्या दिवसांनी मी त्याला पाहत होते.

मी भिंग काकूंच्या हातात दिलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं. तो पुन्हा वाजला, वाटी पुन्हा शाबूत. त्यांनी वाटीवर बोट टेकवून पाहिलं. मी त्यांना मोबाइलवर दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून दाखवले, हा काच फोडणारा, हा आपला. त्या बाई समंजस आहेत, त्यांना पटलं. त्यांनी तसं म्हटलंही.

"हाव, हा थो नोहे," त्या म्हणाल्या. भिंग परत दिलं, पदर सोडला. "चाला, बरं झालं सापडला. आता देऊन टाक याले फेकून."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, काकू, हा काच फोडत नाही.

"नसन फोडत. पन सापडलाच हाय त ठेवतं कायले? पोरं घाबरतीन. कायची टकटक अन् काय. मासे ठेव तुहे, मी काई म्हनत नाई."

"तुम्ही म्हणाला होता, काच फोडणारा नसला तर राहू दे."

"म्हनली होती," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता. "आता चांगलं निघालं त निघालं. तरी नको ना वं पोरी. एवढ्याशासाठी कायले घोटाया करतं?"

माझ्या हातात वाटी होती. मला त्या क्षणी खूप बोलायचं होतं. सांगायचं होतं की मग शोधायला कशाला लावलं, महिनाभर कशाची परीक्षा चालली होती, आणि पास झाल्यावरही जर हाच निकाल असेल तर तो आधीच ठरला होता. बाहेर आले ते दोनच शब्द.

"टाकणार नाही."

काकू आबांकडे वळल्या. या टाकीवर आबांचा किती राग आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. "भाऊ, तुमी तरी सांगा हिले."

आबांच्या हातात अजून बादली होती. ती त्यांनी सावकाश खाली ठेवली, हात धोतराला पुसले. मला वाटलं आता ते म्हणतील, टाक बाई, कायले वाद. ते कधी कोणाशी भांडत नाहीत. मी सासरहून सामान घेऊन परत आले त्या दिवशीसुद्धा ते काही बोलले नव्हते. ना माझ्या सासऱ्यांना, ना मला. त्यानंतर आजवर एक अक्षरही नाही. मी इतकी वर्षं धरून चालले होते की सासरच्यांसारखी त्यांच्याही मनात शंका आहे, मूल न होण्यात दोष माझाच.

"बाई," आबा म्हणाले, "माह्या पोरीचे बी सारे रिपोट चांगले होते. दोन डाक्टरांनं लेहून देल्लते, हिच्यात काई खोट नाई म्हून. मी सोता थे कागद घेऊन तिच्या सासऱ्याजोळ गेल्तो. त्यानं वाचले. हाव म्हने, चांगले हायेत. तरी नको म्हने."

मला हे माहीत नव्हतं. ते कागद मी माहेरी ठेवले होते आणि ते कुठे गेले हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तवा मी चूप बसलो," आबा म्हणाले. "आता नाई बसत. थो राहीन. तुमाले जमत नसन त आमी खोली सोडतो, टाकी घेऊन."

काकू उठल्या, माझ्याकडे न बघता खुर्ची भिंतीला लावली आणि जिना उतरून गेल्या.

मी रडले. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशीच रडले. आबांनी दगड टाकीत ठेवला, त्यांना जमेल तसा, जरा वाकडाच. मी वाटी पाण्यात बुडवून तिरपी केली. तो बाहेर आला, मोठा चिमटा पुढे धरून वाळूवरून चालत दगडापाशी गेला आणि एका भोकात शिरला.

आखाजीला काकूंची लेक आली, मुलं आली, सगळी खालच्या खोलीत झोपली. आम्हाला खोली सोडा असं कोणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी आम्ही तयार होतो.